बातमी पेरणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वृत्तपत्रांच्या जगात 'बातमी पेरणे' असा एक शब्दप्रयोग आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना तो लगेच कळतो. पण शेतातली पेरणी आणि ही पेरणी यांत एक मोठा फरक आहे. शेतातले पीक पाहून कोणीही सांगेल की, हे कुणीतरी पेरलेले आहे. पेरलेली बातमी मात्र बांधावरच्या गवतासारखी आपोआप उगवलेली दिसली पाहिजे. तशी दिसली तरच पेरणाऱ्याचे काम साधले!

इंग्रजी वृत्तपत्रांनी या पेरणाऱ्याला एक नाव दिले आहे : 'स्पिन डॉक्टर'. स्पिन म्हणजे चेंडूला दिलेली फिरकी. घडलेली गोष्ट तीच ठेवायची, पण ती आपल्याला हव्या त्या बाजूला वळेल अशी फिरकी देऊन वार्ताहराच्या हाती सोडायची. आणि त्यात डॉक्टर कशासाठी? इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणून वापरला की त्याचा अर्थ हिशेबात किंवा कागदपत्रात लबाडीने फेरफार करणे असाही होतो. म्हणजे नावात थोडा आदर आहे आणि बरीचशी टिंगल आहे. २१ ऑक्टोबर १९८४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखात हा शब्द आला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. त्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि मॉन्डेल यांची जाहीर वादसभा होती. वादसभा संपताच दोन्ही बाजूंचे सल्लागार वार्ताहरांच्या घोळक्यात शिरून आपलाच उमेदवार कसा जिंकला हे पटवू लागतात. त्या सल्लागारांना उद्देशून हा शब्द होता.

शब्द १९८४ सालचा असला तरी धंदा त्याहून पुष्कळ जुना आहे. हा शब्द छापून आला त्या दिवशी ज्याला या धंद्याचा जनक म्हणतात तो माणूस ९२ वर्षांचा होता आणि चांगला हिंडता-फिरता होता. त्यांचे नाव एडवर्ड बर्नेज. आपल्या कामाला एक प्रतिष्ठित नाव मिळावे म्हणून त्यांनी सारे आयुष्य धडपड केली आणि अखेर त्यांच्या वाट्याला हे दुसरेच नाव आले. त्यांचे चरित्र म्हणूनच वाचण्यासारखे आहे.

एडवर्ड बर्नेज यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९१ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. जगप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे सख्खे मामा. एवढेच नव्हे, तर त्यांच्या वडिलांची बहीण मार्था ही फ्रॉइड यांची पत्नी होती. म्हणजे मामाच आत्याचा नवरा! १८९२ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झाले. वडील धान्याचे व्यापारी होते. मुलाने शेतीशास्त्र शिकावे अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे बर्नेज यांनी कॉर्नेल विद्यापीठातून १९१२ साली शेतीची पदवी घेतली. मात्र शेतात त्यांचे मन कधीच रमले नाही. त्यांनी पेरले ते दुसरेच काही.

पदवीनंतर ते एका वैद्यकीय मासिकाचे काम पाहू लागले. त्याच सुमारास रिचर्ड बेनेट नावाच्या नटाला 'डॅमेज्ड गुड्स' हे फ्रेंच नाटकावरून केलेले नाटक रंगभूमीवर आणायचे होते. नाटकाचा विषय होता गुप्तरोग. त्या काळी या विषयाचा चारचौघांत उच्चारही होत नसे. नाटकावर बंदी येण्याची आणि नाट्यगृहाला टाळे लागण्याची पुरी शक्यता होती. २१ वर्षांच्या बर्नेज यांनी काय करावे? त्यांनी नाटकाची जाहिरात केली नाही. त्यांनी मासिकाच्या नावाने एक समाजहिताची समिती स्थापन केली, तीत रॉकफेलरांसारखी वजनदार माणसे सभासद करून घेतली आणि चार डॉलर वर्गणी ठेवली. आता या नाटकाला विरोध करणे म्हणजे समाजाच्या आरोग्याला विरोध करणे असे होऊन बसले. १९१३ साली नाटक आले आणि गाजले.

पुढच्या ८० वर्षांचे सगळे बीज या एका प्रसंगात आहे. स्वतः पुढे यायचे नाही, ज्याच्या शब्दाला लोक मान देतात असा माणूस पुढे करायचा आणि धंद्याच्या गोष्टीला लोकहिताचे रूप द्यायचे. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या नाटकाने एका लपवलेल्या रोगाविषयी लोक बोलू लागले, हे चांगलेच झाले. हत्यार चांगल्या कामालाही चालते, हे बर्नेज यांच्या चरित्रात अनेकदा दिसते. १९२० साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेची परिषद दक्षिणेत अटलांटा येथे भरली, तेव्हा तिच्या प्रसिद्धीचे कामही त्यांच्याकडेच होते.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धाला लोकांचा पाठिंबा मिळवण्यासाठी सरकारने जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली एक प्रचारसमिती नेमली. बर्नेज या समितीत काम करू लागले आणि १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेच्या वेळी तेथेही जाऊन आले. एवढ्या मोठ्या राष्ट्राचे मन काही महिन्यांत कसे वळवता येते, हे त्यांनी जवळून पाहिले. युद्धात जे साधते ते शांततेच्या काळात का साधणार नाही, असा विचार करून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. डोरिस फ्लाइशमन ही बुद्धिमान लेखिका त्यांची सहकारी होती. १९२२ साली त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर हॉटेलच्या नोंदवहीत डोरिसने माहेरच्याच नावाने सही केली. ही गोष्टही वृत्तपत्रांत छापून येईल याची व्यवस्था झालीच!

आता प्रश्न होता धंद्याच्या नावाचा. त्या काळी नाटक-सर्कशीची प्रसिद्धी करणाऱ्यांना 'प्रेस एजंट' म्हणत. वार्ताहरांच्या मागे लागणारा, थापा मारणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. बर्नेज यांना वकिलासारखा मान हवा होता. म्हणून त्यांनी स्वतःला 'जनसंपर्क सल्लागार' म्हणवून घेतले. १९२३ साली लोकमत कसे घडते यावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवायला सुरुवात केली. १९२८ च्या दुसऱ्या पुस्तकाला तर त्यांनी 'प्रोपगंडा' असे सरळ नाव दिले. या शब्दाची गंमत अशी की, तो मूळ लॅटिनमधला आणि तोही शेतीतला. रोपाची कलमे लावून वाढ करणे हा त्या धातूचा जुना अर्थ. १६२२ साली रोमच्या चर्चने धर्मप्रसारासाठी संस्था काढली तेव्हा तो तिच्या नावात आला, आणि महायुद्धातील खोट्यानाट्या प्रचारानंतर तो बदनाम झाला. बर्नेज यांना तो शब्द पुन्हा स्वच्छ करता येईल असे वाटत होते. ते साधले नाही. शब्द मळला की तो टाकून नवा घ्यायचा, हेच पुढे या धंद्याचे धोरण झाले.

त्यांच्या युक्त्या ऐकल्या की हसू येते आणि थोडे भयही वाटते. बीच-नट नावाच्या कंपनीला बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, अधिक खपवायचे होते. त्या काळी शहरातले लोक सकाळी कॉफी, पाव असा हलका आहार घेत. बर्नेज यांनी एका डॉक्टरला विचारले, सकाळचा आहार हलका असावा की भरपेट? भरपेट बरा, असे उत्तर आले. मग हाच प्रश्न देशभरच्या डॉक्टरांना पाठवण्यात आला. सुमारे ४,५०० डॉक्टरांनी तसेच उत्तर दिले आणि ही डॉक्टरांच्या मताची बातमी म्हणून वृत्तपत्रांत झळकली. सोबत बेकन आणि अंडी यांचा उल्लेख होताच. साबणाच्या कंपनीसाठी त्यांनी साबणाच्या वड्यांवर शिल्प कोरण्याच्या स्पर्धा भरवल्या आणि शाळकरी मुलांना साबणाची गोडी लावली. १९२४ साली अध्यक्ष कूलिज हे घुमे, हसतच नाहीत, अशी ओरड होती. निवडणूक जवळ आली होती. बर्नेज यांनी नटनट्यांचा एक ताफाच व्हाइट हाऊसमध्ये न्याहारीला नेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे अध्यक्ष नटमंडळींत कसे रमले याचीच बातमी.

१९२९ साल हे त्यांच्या कीर्तीचे शिखर म्हणावे लागेल. त्या वर्षी अमेरिकन टोबॅको कंपनीने त्यांच्याकडे एक काम दिले. स्त्रिया घरात सिगारेट ओढू लागल्या होत्या, पण रस्त्यावर ओढणे असभ्य मानले जाई. म्हणजे अर्धा खप बुडत होता! बर्नेज यांनी ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. सिगारेट ही स्त्रियांना स्वातंत्र्याची मशाल वाटू शकेल, असा तो सल्ला होता. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर नटूनथटून फिरणाऱ्या गर्दीत मोजक्याच तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. त्यांत बर्नेज यांची चिटणीसही होती. छायाचित्रकारांची सोय आधीच झालेली होती. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत बातमी आली ती स्त्रियांच्या बंडाची. तंबाखूच्या कंपनीचा त्यात पत्ताच नव्हता.

हे वाचताना मी फार अस्वस्थ झाले. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली, कित्येक दशकांच्या लढ्यानंतर. त्या लढ्याची पुण्याई नऊ वर्षांत सिगारेट विकायला वापरली गेली. मागणी खरी होती, राग खरा होता, फक्त त्याचे पाणी दुसऱ्याच्या पाटात वळवले होते. शिवाय घरात हेच बर्नेज आपल्या पत्नीची सिगारेट सुटावी म्हणून खटपट करीत. पुढे १९६० नंतर धूम्रपानाचे दुष्परिणाम जगजाहीर झाल्यावर ते धूम्रपानविरोधी चळवळीत सामील झाले. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण ज्यांनी त्या मशाली हातात घेतल्या त्यांच्या फुप्फुसांना त्याचा काय उपयोग?

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९२९ रोजी, एडिसनच्या विजेच्या दिव्याला ५० वर्षे झाली म्हणून डिअरबॉर्न येथे थाटाचा सोहळा झाला. अध्यक्ष हूव्हर, हेन्री फोर्ड आणि वृद्ध एडिसन उपस्थित होते. जगाने एका संशोधकाचा सत्कार पाहिला. त्याच्या प्रसिद्धीमागे विजेच्या व्यवसायातील कंपन्यांचा पैसा होता आणि ती सांभाळणारे बर्नेज होते. बरोबर ५५ वर्षांनी, त्याच तारखेला, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'स्पिन डॉक्टर' हा शब्द छापला. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा.

१९३३ साली बर्नेज यांच्या घरी जेवायला आलेल्या एका पत्रकाराने जर्मनीची हकीकत सांगितली. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या ग्रंथसंग्रहात बर्नेज यांचे पुस्तक आहे आणि ज्यूंविरुद्धच्या मोहिमेसाठी तो ते वापरतो आहे, असे तो म्हणाला. ही गोष्ट बर्नेज यांनी स्वतःच १९६५ साली आत्मचरित्रात लिहिली आहे. एका ज्यू माणसाने लिहिलेले पुस्तक ज्यूंच्या नाशासाठी! बी पेरणाऱ्याच्या हातून एकदा सुटले की ते कुणाच्या शेतात उगवेल हे त्याच्या हाती राहत नाही.

तरीही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे पान मला ग्वाटेमालाचे वाटते. मध्य अमेरिकेतील हा छोटा देश. तेथे युनायटेड फ्रूट ही अमेरिकन कंपनी केळी पिकवीत असे. जमीन तिची, रेल्वे तिची, बंदरावरही सत्ता तिचीच. जेमतेम दोन टक्के जमीनदारांच्या हाती देशातली सुमारे ७२ टक्के शेतजमीन होती. जाकोबो आर्बेन्स हे लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष. त्यांनी जून १९५२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला. मोठ्या मालकांची पडीक जमीन घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. मालकाला भरपाई किती? तर कर भरताना त्याने स्वतः जी किंमत दाखवली असेल तेवढी. कर वाचवण्यासाठी कंपनीने किंमत फारच कमी दाखवली होती. त्या हिशेबाने सरकारने सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. कंपनीच्या वतीने अमेरिकन सरकारने मागितले दीड कोटीहून अधिक!

बर्नेज १९४० नंतरच्या काळात या कंपनीचे सल्लागार झाले होते. अमेरिकेतील वाचकाला केळ्याच्या कंपनीच्या नफ्याशी देणेघेणे नव्हते. त्याला साम्यवादाची मात्र भीती होती. तेव्हा जमिनीचा तंटा साम्यवादाचे संकट म्हणून मांडायचे ठरले. जानेवारी १९५२ पासून अमेरिकन संपादक आणि पत्रकार यांच्या मध्य अमेरिकेत सहली नेण्यात आल्या. खर्च कंपनीचा. काय पाहायचे, कोणाला भेटायचे, हे आधीच आखलेले. परत येऊन त्यांनी जे लिहिले ते वाचकांना पत्रकाराने डोळ्यांनी पाहिलेले सत्य वाटले. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, बंडखोरांना हाताशी धरून आर्बेन्स यांना पायउतार व्हायला लावले. वाटलेली जमीन शेतकऱ्यांकडून बहुतांशी काढून घेण्यात आली. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे तेथे यादवी चालली आणि दोन लाखांच्या आसपास माणसे मेली किंवा नाहीशी झाली. हे सारे एकट्या बर्नेज यांनी केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. शीतयुद्ध होते, सरकारे होती, सैन्ये होती. पण अमेरिकन वाचकाच्या मनाचे रान त्या कारवाईसाठी नांगरून ठेवले ते यांनी.

उतारवयात ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे राहत. डॉक्टर-वकिलांना जशी सनद लागते तशी जनसंपर्काच्या धंद्यालाही लागावी, नीतिनियम असावेत, यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. ती फळाला आली नाही. ९ मार्च १९९५ रोजी वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांना जनसंपर्काचे जनक म्हटले. १९९८ साली लॅरी टाय यांनी लिहिलेले चरित्र आले, तेव्हा त्याच्या नावातच ते 'फिरकीचे जनक' ठरले. तीन वर्षांत नाव बदलले. मेलेल्या माणसाला आपल्या नावाला फिरकी देता येत नाही!

आणखी एक गोष्ट. बर्नेज यांच्या पराक्रमाच्या कथा आपण ऐकतो त्यांतल्या बऱ्याचशा त्यांनी स्वतःच सांगितलेल्या आहेत. त्या ईस्टरच्या मिरवणुकीबद्दल पुढच्या अभ्यासकांनी जुनी वृत्तपत्रे चाळली, तेव्हा ती प्रत्यक्षात सांगितली जाते तेवढी मोठी नव्हती असे दिसले. स्त्रियांचे धूम्रपान त्याआधीपासूनच वाढत होते. म्हणजे आपल्या करामतीची बातमीही त्यांनी पेरली आणि लेखकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कापणी करून घरी नेली.

येथे त्या शब्दाकडे पुन्हा वळावेसे वाटते. वृत्तपत्रांत 'स्पिन डॉक्टर' हा शब्द कोणाला लावतात ते पाहिले पाहिजे. स्वतःला कोणी असे म्हणवून घेत नाही. तो नेहमी दुसऱ्या बाजूच्या माणसाला लावतात. तोच माणूस आपल्याला उपयोगी माहिती देतो तेव्हा तो 'विश्वसनीय सूत्र' होतो. १९९० नंतर ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांच्या अॅलेस्टर कॅम्बेल या प्रसिद्धीप्रमुखांना वृत्तपत्रे हे नाव सर्रास देत. पण कॅम्बेल त्याआधी स्वतः पत्रकारच होते. हा शब्द वापरला की सगळा दोष डॉक्टरवर जातो आणि औषध न तपासता वाटणारा नामानिराळा राहतो. डॉक्टरांच्या मताची बातमी, स्त्रियांच्या बंडाची बातमी, ग्वाटेमालाच्या संकटाची बातमी, यांतली एकही बर्नेज यांनी छापली नव्हती. छापणारे पत्रकार होते. पैसे कोणी दिले, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुष्कळसे उघडे पडले असते.

आमच्या घरात वर्तमानपत्र वाचणारी मी पहिलीच. घरची मोठी माणसे मला मोठ्याने वाचायला सांगतात आणि छापून आले म्हणजे खरे असे मानतात. त्यांचा विश्वास मला मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच माझी जबाबदारी वाढते असेही वाटते. बर्नेज यांच्या चरित्रातून मी एवढेच घेतले की, बातमी वाचून झाल्यावर आणखी एक ओळ मनात वाचायची. ही बातमी आजच का आली? यात ज्याचे नाव नाही असा कोण आहे? हे पीक उभे राहिले तर कोणाच्या खळ्यावर जाणार आहे? महाविद्यालयात शिकून आलेल्या मुलामुलींनी घरच्यांना बातमीबरोबर हे प्रश्नही वाचून दाखवले, तर कुणाच्याही पेरणीला आमची घरे आयते रान म्हणून मिळणार नाहीत.